भाजलेल्या जखमेवर केळीचे पान

केळीचे पान म्हटले की आपल्याला पंगत आठवते. मुंबईच्या शीव रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व सहकाऱ्यांनी मात्र ते भाजलेल्या जखमेवर वापरले आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

भाजलेल्या माणसाचे खरे हाल होतात ते पट्टी बदलताना. साधी जाळीची पट्टी जखमेला चिकटते. ओढली की नवी आलेली कोवळी कातडीही सोबत निघते. केळीच्या पानावर मेणाचा थर असतो, म्हणून ते चिकटत नाही आणि जखमेची ओल टिकते. "जखम कोरडी पडली की बरी होते" असे आपल्याकडे म्हणतात, पण नव्या कातडीच्या पेशींना पुढे सरकायला थोडी ओल लागते. त्याआधी १९८५ साली मुंबईच्याच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी पुढे आणली होती. तुलना केली तेव्हा दोन्ही सारख्याच गुणाच्या निघाल्या, पण पान अकरा पट स्वस्त!

कारखान्यातल्या फिल्मचे तत्त्वही हेच. कोळंबीची टरफले आपण उकिरड्यावर टाकतो. त्यातला चुना आम्लाने आणि प्रथिने कॉस्टिक सोड्याने काढतात. उरलेले कायटिन तीव्र सोड्यात तापवले की कायटोसान मिळते. ते सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून ताटात पातळ ओतून वाळवले की फिल्म तयार. रक्त थांबवण्याचा गुणही त्यात आहे.

पण मंडळी, हे वाचून बागेतले पान तोडून कोणी जखमेवर बांधू नका. त्यावर धूळ असते, करप्याच्या फवारणीचे औषध असते. दवाखान्यात पान ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करतात. घरच्या पातेल्यात ते काम होत नाही. भाजल्यावर शेण लावणारे अजून भेटतात. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको. वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा, स्वच्छ कापडाने सैल झाका आणि दवाखाना गाठा. जखम मोठी असेल तर १०८ ला फोन करा.

केळीच्या पट्ट्यातील सरपंच व ग्रामसेवकांनी मात्र आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे हा विषय जरूर काढावा. वापरायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. ते हो म्हणाले, तर फवारणी न केलेली कोवळी पाने पुरवणे आपल्या हातात आहे.