'कापूस' पाच बाइटचा की पंधरा?

वेबसाइट करायची म्हटलं की आपण आधी बॅनर आणि अ‍ॅनिमेशनच्या मागे लागतो. पण समजा, पांढरकवड्याच्या शेतकऱ्यासाठी कापसाच्या भावाचं पान बनवायचं आहे. मोबाइल स्वस्तातला, शेतात रेंज जेमतेम. भाव पाहूनच तो गाडी भरायची की नाही ते ठरवणार. इथे काय ठेवायचं यापेक्षा काय सोडायचं हाच खरा प्रश्न.

सुरुवात अक्षरांपासून करू. 'कापूस'मध्ये पाच कोड आहेत : क, काना, प, दीर्घ उकार आणि स. १९९१ च्या 'इस्की' पद्धतीत त्याचे ५ बाइट होतात, युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये १५. सरळ तिप्पट! मग जुनंच बरं होतं का? मुळीच नाही. २००० च्या दशकात अनेक मराठी साइट इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार बसवलेले स्वतःचे फॉन्ट वापरत. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता गिचमिड काला, आणि सर्चमध्ये काही सापडायचं नाही. युनिकोडने जागा जास्त घेतली, पण ही कटकट मिटवली. शिवाय देवनागरीच्या प्रत्येक कोडचे पहिले दोन बाइट जवळपास सारखेच असतात. त्यामुळे सर्व्हरवर जीझिप चालू केलं की बरंच वजन उतरतं.

दुसरा प्रश्न फॉन्टचा. सुंदर फॉन्ट पाठवायचा तर जोडाक्षरांमुळे फाइल जड होते. मग काही जण नको ती अक्षरं छाटतात. हिंदीपुरता विचार करून 'ऱ' छाटला, तर नेमका 'शेतकऱ्यांना' हाच शब्द मोडतो! त्यापेक्षा मोबाइलमधलाच फॉन्ट वापरलेला बरा.

तिसरी गोष्ट, भाव जावास्क्रिप्टने मागाहून आणायचा की सर्व्हरवरूनच तयार पान पाठवायचं? पहिल्या पद्धतीत भाव न रिफ्रेश करता बदलतो, पण स्क्रिप्ट अर्ध्यात अडकली की पान कोरं. दुसऱ्या पद्धतीत निदान आकडा तरी पोचतो. तो मोबाइलमध्ये साठवला तर रेंज नसतानाही दिसेल. मात्र कालचा भाव आजचा समजून गाडी निघाली, तर भाड्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच. म्हणून आकड्याशेजारी तारीख आणि वेळ ठळक हवीच.

तेव्हा पुढचं प्रोजेक्ट लॅबच्या जोरदार नेटवर पाहून खूश होऊ नका. बसने गावी जाताना, रेंजचा एकच दांडा असताना उघडून बघा. तिथे उघडलं तर पास!