पत्र कोणाचे?

1942 च्या ऑगस्टात मुंबईहून येथील भुईकोट किल्ल्यात आणून स्थानबद्ध केलेल्या मौलाना अबुल कलाम आझादांनी आपले स्नेही नबाब सदर यार जंग यांस उद्देशून पत्रे लिहिण्यास आरंभ केला. ती टपालात पडणार नाहीत हे त्यांस ठाऊक होते. तरीही चहाची आवड, बराकीतल्या चिमण्यांशी जमलेले सख्य, आणि 1943 च्या एप्रिलात कलकत्त्यास पत्नी निवर्तल्याची वार्ता येथे कळल्यावरची मनाची स्थिती, हे सारे त्यांनी त्या दूरच्या मित्राशी बोलावे तसे लिहून ठेविले. सुटकेनंतर 1946 मध्ये ही पत्रे 'गुबार-ए-खातिर' या नावाने ग्रंथरूपाने बाहेर आली आणि उर्दू गद्याचे भूषण ठरली. एका माणसाचे अंतरंग लोकांपुढे उघडे झाले खरे. परंतु ते उघडावयाचे की नाही, हे त्या माणसानेच ठरविले होते.

त्याच किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर वसलेल्या आमच्या शहरात आज काय चालले आहे? सावेडीतील एखादी गृहिणी आपल्या जावेविषयी मैत्रिणीस चार ओळी लिहिते. संध्याकाळपर्यंत त्या ओळींचे चित्र भावकीच्या समूहात फिरते. शिक्षकाने एका पालकास दिलेले उत्तर शंभर पालक वाचतात. मोडलेल्या सोयरिकीतील मुलीचे संदेश मुलाकडची मंडळी पुरावा म्हणून नातेवाइकांत वाटतात. याला 'स्क्रीनशॉट' असे नाव आहे, आणि तो काढण्यास एक क्षणही लागत नाही. त्या मुलीने मात्र ज्या विश्वासाने लिहिले, तो पुन्हा मिळविण्यास तिला किती वर्षे लागतील, हे कोणी विचारीत नाही.

पूर्वीच्या पिढीस ही जाण उपजत होती, असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याची पत्रे वाफेवर उघडून वाचणारी माणसे त्याही काळी होती. तथापि मराठी घरांत पोस्टकार्ड आणि पाकीट यांतील भेद लहान मुलासही कळे. कार्डावर लिहावयाचे ते पोस्टमनने वाचले तरी चालेल असे; पाकिटातले ते ज्याच्या नावाचे त्याचेच. 'पत्र वाचून फाडून टाकावे' ही सूचना शेवटी लिहिलेली असली, तर ती पाळणे हा स्नेहाचा भाग मानला जाई. आज आपल्या हातातील यंत्राने कार्ड आणि पाकीट एकच करून टाकले आहे. लिहिणारा पाकीट समजून लिहितो, आणि वाचणारा ते कार्ड समजून भिंतीवर चिकटवितो.

पुष्कळांचा असा समज आहे की, व्हॉट्सॲपवरील संदेश कूटबद्ध असल्यामुळे सुरक्षित असतात. 2016 च्या एप्रिलपासून या सेवेतील सर्व संदेश कूटबद्ध होऊन जातात, ही गोष्ट खरी. परंतु ते कुलूप वाटेवरच्या चोरासाठी आहे. संदेश पोहोचला की तो ज्याच्या हाती पडला त्याच्या मर्जीवर असतो; त्याच्या फोनला, त्याच्या रागाला आणि उद्या तो फोन जप्त करणाऱ्या अधिकाऱ्यालाही. 2020 च्या सप्टेंबरात अमली पदार्थांच्या तपासात काही अभिनेत्रींची जुनी संभाषणे दूरचित्रवाणीवर दिवसचे दिवस वाचून दाखविली गेली, ती कोणी कूट फोडून मिळविली नव्हती. पुढे 2021 च्या जानेवारीत मुंबईच्या टीआरपी प्रकरणात पोलिसांनी दाखल केलेल्या आरोपपत्राबरोबर अर्णब गोस्वामी आणि पार्थो दासगुप्ता यांच्यातील शेकडो पानांचे संभाषण लोकांपुढे आले. इतरांची संभाषणे पडद्यावर आली तेव्हा टाळ्या पिटणारे त्या वेळी खाजगीपणाची महती सांगू लागले, आणि आधी खाजगीपणाचा कैवार घेणारे चवीने पाने चाळू लागले. तो खटलाही 2024 च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या अनुमतीने शासनाने मागे घेतला; संभाषणे मात्र कोणास मागे घेता आली नाहीत.

कायदा येथे कोठवर येतो? जुना नियम असा की, पत्राचा कागद ज्याला ते मिळाले त्याचा, पण त्यातील शब्द लिहिणाऱ्याचे. इंग्लंडच्या न्यायालयाने 1741 मध्येच कवी पोपच्या पत्रांवरून हे ठरविले आहे. मात्र घाईघाईने लिहिलेल्या दोन ओळींच्या निरोपासाठी लेखाधिकाराचा दावा लावण्यास जाणारा वकील आम्हांस तरी अद्याप भेटलेला नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने सांगितले. पण त्या निर्णयाचा मुख्य रोख शासनाकडे होता. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा कंपन्यांस आणि सरकारी खात्यांस लागू होतो, आणि व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला आहे. म्हणजे बँकेने आपली माहिती उधळली तर दाद मागण्यास जागा. मेहुण्याने उधळली तर, फार करून, गप्प बसावे.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाचे उदाहरण याहून गंभीर आहे. त्यांनी 2022 च्या ऑगस्टात व्हॉट्सॲपच्या 'स्टेटस'वर काश्मीरचा विशेष दर्जा काढल्याविषयी नापसंती व्यक्त केली आणि पाकिस्तानला त्याच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. स्टेटस म्हणजे चोवीस तासांत पुसून जाणारी, परिचितांसाठी लिहिलेली पाटी. तिच्यावरून हातकणंगले पोलिसांत गटागटांत वैर माजविल्याचा गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2024 रोजी तो रद्द केला. त्यांचे मत आम्हांस पटो वा न पटो, एका दिवसात पुसले जाणारे वाक्य माणसाच्या मागे दीड वर्षाहून अधिक काळ लागते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

मग खाजगी संदेश कधीच उघड करू नये काय? तसे म्हणणे म्हणजे दांडग्याच्या हाती ढाल देणे होय. वरिष्ठाचे अश्लील संदेश सोसणाऱ्या स्त्रीने ते दाखवू नयेत, असे कोण म्हणेल? 2018 च्या ऑक्टोबरात आपल्याकडील अनेक स्त्रिया बोलत्या झाल्या, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ते संदेशच त्यांचे साक्षीदार होते. लाच मागणाऱ्याचा संदेश हाही त्या नागरिकाने जपून ठेवण्याचा ठेवा नव्हे. धमकी देणाऱ्यास विश्वासाचे संरक्षण मागण्याचा अधिकार नसतो, कारण त्याने विश्वासाने काही लिहिलेलेच नसते. अडचण येते ती इतरांच्या बाबतीत: रागात, गमतीत, दुःखात लिहिलेल्या शब्दांच्या. पुढचे-मागचे सहा संदेश कापले की थट्टेचे वाक्य शिवी होते.

शिवाय ते शब्द मुळात त्याच माणसाचे आहेत हे कशावरून? खोटे संभाषण तयार करून देणारी साधने आज शाळकरी मुलांच्या हाती आहेत. जालन्याच्या निवडणूक याचिकेत, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितले की, मूळ यंत्र न्यायालयापुढे आणलेले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. नव्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ती अट ठेविली आहे. न्यायालय जे चित्र नुसते पाहून स्वीकारीत नाही, त्यावर आपण चहा थंड होण्यापूर्वी शेजाऱ्याच्या चारित्र्याचा निकाल देतो.

आमच्याकडेही असे कागद येतात, बहुधा नाव न लिहिलेल्या पाकिटातून, आणि अलीकडे थेट बातमीदारांच्या फोनवर. ज्याचे शब्द आहेत त्यास विचारल्यावाचून आम्ही ते छापीत नाही. सार्वजनिक पदाचा वा पैशाचा संबंध नसेल तर विचारण्याचेही कारण उरत नाही. आणि छापावेच लागले तर त्यात ओघाने आलेल्या तिऱ्हाइताचे नाव आधी काढून टाकतो. यामुळे एखादी बातमी दुसऱ्या पत्रात आमच्या आधी येते. ती येऊ द्यावी, असे आम्ही ठरविले आहे.