ईजीआर व्हॉल्व्ह बदलण्याआधी काय तपासायचं?

मागच्या व्याख्यानात आपण इंजिनातून बाहेर पडणारे वायू पाहिले. त्यातलाच थोडा वायू परत इंजिनात पाठवणारी यंत्रणा म्हणजे ईजीआर. ती तपासायची कशी, एवढंच आज बघू.

मुळात जळलेला वायू परत कशाला पाठवायचा? हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो शांत असतो. पण सिलिंडरमधलं तापमान साधारण १४०० अंश सेल्सिअसच्या वर चढलं, की त्याची ऑक्सिजनशी गाठ पडते आणि घातक नायट्रोजन ऑक्साइड झपाट्याने तयार होतात. जळलेला वायू मिसळला, की ज्वाला तेवढी तापत नाही.

आता समजा, स्कॅनरवर पी ०४०१ कोड आला. बरेच जण लगेच नवा व्हॉल्व्ह बसवतात. पण कोड सांगतो ‘प्रवाह कमी’. ‘व्हॉल्व्ह खराब’ असं तो म्हणत नाही! काजळीने वाटच तुंबली असेल, तर नवा व्हॉल्व्ह काय करणार? पैसे पाण्यात.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीत इंजिन गरम करून आयडलवर ठेवू. तेव्हा व्हॉल्व्ह बंद असतो. त्याची नळी काढून हातपंपाने व्हॅक्यूम देऊ. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं, तर व्हॉल्व्ह आणि वाट ठीक. दोष नळीत किंवा सोलेनॉइडमध्ये शोधायचा. पंपाचा काटा टिकला नाही, तर बहुधा आतला पडदा फाटलाय. काटा टिकला पण इंजिनला पत्ताच नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा वाट बंद आहे. खोलून साफ करायचं.

डिझेलमध्ये हवा मुबलक असते, त्यामुळे इंजिन अडखळेलच असं नाही. तिथे स्कॅनरवरून व्हॉल्व्ह आधी बंद करू, मग उघडू आणि एअर-फ्लो सेन्सरचा आकडा बघू. जळलेल्या वायूने जागा घेतली, की ताजी हवा कमी शिरते, आकडा उतरतो. उतरला नाही, तर वायू येतच नाही.

हमखास येणारा प्रश्न: “पट्टी लावून ईजीआर बंदच केला तर? पीयूसी तर मिळते!” मिळेल. कारण डिझेलच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. म्हणजे गाडी पास होते आणि सिग्नलला आपल्या मागे थांबलेला स्कूटरवाला तो वायू छातीत भरून घेतो. कागद स्वच्छ, हवा नाही. म्हणून पट्टी लावायची नाही; वाट मोकळी करायची.