काळीज आणि वय (भाग ७) : सगळं खापर गुडघ्यांवर

अक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची सरकू नये म्हणून तिची पाठ भिंतीला टेकवली आणि मोबाइलमधलं घड्याळ लावलं. “हात छातीवर घ्या. कशालाच धरायचं नाही. पाच वेळा उभं राहायचं, पाच वेळा बसायचं.”

“परीक्षा घ्यायलास काय रे माझी?”

परीक्षाच होती. अक्का एकाहत्तर वर्षांच्या, सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या शेजारी राहतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडी घालून, मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि कात्री. आता कारखान्याची घाई नाही, तरी हातांना सवय आहे म्हणून रोज दोन-तीनशे वळतातच. वर्षभरापासून त्यांनी मंगळवार बाजारात जाणं सोडलं होतं. कारण विचारलं तर एकच उत्तर: “गुडघे गेले.”

पहिल्या दोन वेळा उठल्या. तिसऱ्या वेळी थांबल्या. हात गुडघ्याकडे जाईल असं मला वाटलं होतं. तो छातीवरच राहिला. तोंड किंचित उघडलं, दोन श्वास घेतले, मग पुढचं बसणं. पाचव्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा घड्याळात १९ सेकंद झाले होते.

या चाचणीचे तीन भाग आहेत. अमेरिकेत जॅक गुराल्निक आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली ती मांडली, एकाहत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या पाच हजारांहून अधिक लोकांना तपासून. पहिला भाग तोलाचा. दोन्ही पाय जोडून दहा सेकंद उभं राहायचं, मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याशेजारी ठेवून दहा सेकंद, आणि शेवटी दोन्ही पाय एका रेषेत, एकाची टाच दुसऱ्याच्या बोटांना चिकटवून दहा सेकंद. दुसरा भाग चार मीटर चालण्याचा, नेहमीच्या चालीनं, धावपळ न करता. तिसरा खुर्चीचा. प्रत्येकाला चार गुण, एकूण बारा.

आमच्याकडे त्या दिवशी टेप सापडेना. अक्कांनी ट्रंकेतलं लुगडं काढलं. नऊवारी मधोमध दुमडलं की चार मीटरला थोडं जास्तच भरतं. विणकरांच्या घरात मापाला काय तोटा! रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या. (तुम्ही मात्र टेपच घ्या.) चार मीटर ४.८२ सेकंदांच्या आत चालून गेलात तर पूर्ण चार गुण, ८.७ सेकंदांहून जास्त लागले तर एकच. खुर्चीचं पाच वेळा उठणं ११.२ सेकंदांच्या आत झालं तर चार, १६.७ च्या पुढे गेलं तर एक. अक्कांना चालायला पावणेसात सेकंद लागले. तोलात तीन, चालण्यात दोन, खुर्चीत एक. बारापैकी सहा.

आता या सहाचा काळजाशी संबंध काय? अमेरिकेतल्या चार भागांत १९८७ पासून चाललेला ‘एरिक’ नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यातल्या ५,५७० जणांची, सरासरी वय ७५, हीच चाचणी २०११ ते २०१३ दरम्यान घेतली आणि पुढची सुमारे सात वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. या काळात ९३० जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय अशक्त होण्याचा विकार यांपैकी काही ना काही झालं. दहा ते बारा गुणवाल्यांच्या तुलनेत शून्य ते सहा गुणवाल्यांना हा धोका ४७ टक्के जास्त होता आणि सात ते नऊवाल्यांना २५ टक्के. वय, रक्तदाब, साखर, धूम्रपान या सगळ्याचा हिशेब करून उरलेला हा फरक आहे.

४७ टक्के म्हणजे शंभरातल्या सत्तेचाळीस जणांना झटका येणार असा अर्थ नाही, हे सांगायलाच हवं. वर्तमानपत्रांत हे आकडे येतात तेव्हा आमच्या कट्ट्यावर हमखास तीच गफलत होते. जिथे एका गटातल्या शंभरापैकी दहा जणांना त्रास होतो, तिथे दुसऱ्या गटातल्या शंभरापैकी साधारण पंधरा जणांना होतो, एवढंच.

तरी प्रश्न राहतोच. खुर्चीतून उठणं हे मांड्यांचं काम, त्यात हृदय कुठून आलं? असं बघा. बसलेला माणूस उभा राहतो त्या क्षणी रक्त पायांकडे ओढलं जातं. मेंदूकडचा दाब टिकवायला रक्तवाहिन्यांनी लगेच आवळलं पाहिजे, हृदयानं ठोके वाढवले पाहिजेत, फुप्फुसांनी जास्त हवा घेतली पाहिजे. मांडीच्या स्नायूंना तेवढ्यात प्राणवायू हवा असतो. पावलांच्या नसांनी जमीन कशी आहे ते कळवायचं, कानाच्या आतल्या भागानं तोल सांभाळायचा, डोळ्यांनी साथ द्यायची. यातला एकजण जरी मागे पडला तरी घड्याळ ते दाखवतं. मधुमेहात पावलं बधिर होतात तेव्हा पहिल्यांदा तोल जातो. तंबाखूनं पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चाल मंदावते, आणि ज्या माणसाच्या पायांच्या वाहिन्या अरुंद झाल्या त्याच्या हृदयाच्या वाहिन्या मोकळ्या असतील असं गृहीत धरता येत नाही. म्हणजे एक छोटी चाचणी एकाच वेळी पाच-सहा खात्यांची तपासणी करते. कुठल्या खात्यात घोटाळा आहे ते मात्र ती सांगत नाही.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. हालचाल आणि हृदय यांचं नातं जगाला पटवणाऱ्या पहिल्या अभ्यासांपैकी तो एक. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत, आणि मला त्यांचं कौतुक त्यासाठी जास्त वाटतं. १९५६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कंपनीनं दिलेल्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर पहिल्यापासूनच मोठी निघाली. म्हणजे नोकरीनं माणूस बदलला हे जितकं खरं, तितकंच कोणता माणूस कोणत्या नोकरीत गेला हेही खरं.

आपल्याकडे हे वारीत दिसतं. आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत आलेल्या सत्तरीच्या आजीला बघून आपण म्हणतो, चालतात म्हणून ठणठणीत आहेत. थोडं खरं. पण जिला दम लागतो ती आजी दिंडीत निघतच नाही, घरीच राहून एकादशी धरते. ती आपल्याला दिसत नाही.

मग गुण वाढवले तर धोका कमी होईल का? अमेरिकेतच सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ जणांवर एक मोठा प्रयोग झाला. सगळ्यांचे गुण नऊ किंवा त्याहून कमी. अर्ध्यांना नियमित चालणं, पायांची ताकद आणि तोल यांचा व्यायाम, अर्ध्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. २०१४ साली निष्कर्ष आले: व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्के लोकांची चालण्याची क्षमता गेली, व्याख्यानं ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोकांची. फायदा झाला. पण पुढे हृदयविकाराच्या घटना मोजल्या तेव्हा दोन्ही गटांत फरक सापडला नाही. पारा झटकून ताप उतरत नाही, तसंच हे. व्यायामानं बाजारापर्यंत पाय पोचतील, आणि ते थोडंथोडकं नाही. पण वाढलेला रक्तदाब खुर्चीतून पन्नास वेळा उठूनही आपोआप बसत नाही. त्याला गोळी लागली तर ती घ्यावीच लागते.

भारतात अशी मोजमापं होत नाहीत असं नाही. मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची देशव्यापी पाहणी केली. तिच्यात रक्तदाबाबरोबर हाताची पकड, तोल आणि चालण्याचा वेगही मोजला गेला. अडचण आहे ती दवाखान्यातल्या खोलीची. चार मीटर मोकळी जागा आमच्या गल्लीतल्या किती दवाखान्यांत सापडेल? डॉक्टरांना दोष द्यायचा नाही, बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली असतात. पण म्हणूनच हे घरी करून आकडे कागदावर लिहून नेले तर बोलणं “गुडघे दुखतात” याच्या पुढे सरकतं.

घरी करताना शेजारी धडधाकट माणूस उभा हवा, पडण्याच्या बाजूला. अलीकडे झटका आलाय, शस्त्रक्रिया झालीय, उभं राहिलं की चक्कर येते, छातीत दुखतं अशांनी ही चाचणी घरी करूच नये. आणि काही खुणांसाठी घड्याळही नको: संध्याकाळी घोट्यांवर सूज, आडवं झालं की गुदमरणं, झोपायला एका उशीच्या दोन उशा लागणं. यात गुडघ्यांचा काही संबंध नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या उन्हात दुपारी कुणाला चालवून बघू नका, हे वेगळं सांगायला नको.

अक्कांच्या घोट्यांवर सूज होती. पैंजण काढून ठेवल्याचं त्यांनी नंतर सांगितलं, “घट्ट व्हायलेत म्हणून.” दवाखान्यात रक्तदाबाचा वरचा आकडा १७०च्या पुढे निघाला. दोन वर्षांपूर्वी गोळी सुरू केली होती. बरं वाटायला लागल्यावर कुणाला न विचारता बंद केली होती. ईसीजी झाला, टूडी एको करायला सांगितलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गुडघ्यांची झीज आहेच, ती कुणी नाकारत नाही. पण महिन्याभरानं त्याच खुर्चीत त्या मध्ये न थांबता पाच वेळा उठल्या. सोळा सेकंद. गुण वाढले का विचारलं त्यांनी. एकानं वाढला म्हणालो.

“एवढं करून एकच?”

गोळ्यांची पट्टी आता सुपात असते, कात्रीशेजारी.

(पुढच्या आठवड्यात : चालताना पोटरीत येणारे आणि थांबलं की जाणारे गोळे)