बंदराचा वेग कशावर ठरतो?

जहाज धक्क्याला कधी लागेल, त्यावर किती क्रेन चालतील, उतरलेला कंटेनर यार्डात कुठे ठेवायचा आणि ट्रेलरने तो कधी उचलायचा, या सगळ्याचा मेळ घालणारा अधिकारी म्हणजे बंदराचा परिचालन व्यवस्थापक.

खोल पाणी आणि मोठ्या क्रेन असल्या की बंदर स्पर्धेत टिकते, असा समज आहे. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. घाटकोपर स्थानकात मेट्रो आणि लोकलचे प्रवासी एकत्र येतात. तिथे गाड्या कितीही वाढवल्या तरी पूल आणि जिने मोकळे नसतील तर फलाट तुंबतोच. बंदरात जिन्यांची जागा यार्ड आणि फाटक घेतात.

न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तिथली टर्मिनल आता खासगी कंपन्या चालवतात. त्यामुळे व्यवस्थापकाची स्पर्धा गुजरातच्या मुंद्रा बंदराइतकीच शेजारच्या टर्मिनलशीही असते. त्याचे खरे लक्ष असते मुक्कामकाळावर (कंटेनर आवारात पडून राहतो तो वेळ). क्रेन कंटेनर काही मिनिटांत उतरवते. तो बाहेर पडायला दिवस लागू शकतात. थेट सुपुर्दगीने (कंटेनर मधल्या गोदामात न नेता आयातदाराच्या ताब्यात देणे) हा वेळ वाचतो, मात्र कस्टम्सची कागदपत्रे आधीच तयार हवीत. शिवाय थरातला खालचा कंटेनर काढायचा तर वरचे हलवावे लागतात, आणि ही उचलठेव निव्वळ तोट्याची. म्हणून आधी जाणारा कंटेनर वर राहील, अशी आखणी जहाज येण्यापूर्वीच होते.