कोणताही अंश : अमेरिकेतील शिसेबंदी आणि मुलांच्या एटीव्ही

ग्राहकांच्या सुरक्षेसाठी केलेल्या कायद्याने वस्तूत असलेले घातक द्रव्य मोजायचे की त्या वस्तूच्या वापरातून होणारी इजा मोजायची, हा प्रश्न एरवी कायद्याच्या अभ्यासकांपुरताच राहिला असता. परंतु अमेरिकेत २००८ ते २०११ या तीन वर्षांत सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेल्या छोट्या मोटरसायकली आणि एटीव्ही यांच्या निमित्ताने तो गावोगावच्या गाड्यांच्या दुकानांत जाऊन पोहोचला. त्या काळात एकाच कायद्याचे एक कलम मुलांना त्यांच्या वयाची व मापाची गाडी मिळावी अशी तजवीज करत होते आणि त्याच कायद्याचे दुसरे कलम नेमकी तीच गाडी विकणे बेकायदा ठरवत होते. ही विसंगती कुणी हेतुपुरस्सर घडवली नव्हती, आणि म्हणूनच ती कशी घडली हे बारकाईने पाहण्याजोगे आहे.

एटीव्ही म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल, अर्थात माती, वाळू, चिखल किंवा खडक अशा कोणत्याही जमिनीवर चालणारी, जाड आणि कमी हवा भरलेल्या टायरांची, घोड्यावर बसावे तशी मांड टाकून बसण्याची आणि हँडलने वळवण्याची गाडी. आपल्याकडे ती किनाऱ्यावर किंवा थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना भाड्याने मिळणारी गंमत म्हणून दिसते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र ती शेतावरचे, गुरांच्या कुरणातले आणि शिकारीच्या रानातले रोजचे वाहन आहे, आणि घरातील मुलेही ती चालवू पाहतात. होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत तिची तीनचाकी आवृत्ती विकायला आणली आणि पुढील दशकभर तीनचाकीचाच बोलबाला राहिला. ही गाडी वळवताना केवळ हँडल फिरवून भागत नाही, तर स्वाराला आपले अंग सरकवून तिला तोल द्यावा लागतो. प्रौढ स्वाराला जे सरावाने जमते ते पंचवीस-तीस किलो वजनाच्या मुलाला दोनशे-तीनशे किलोच्या गाडीवर जमत नाही, कारण गाडीचा तोल बदलण्याइतके वजनच त्याच्यापाशी नसते. गाडी उलटली की ती अंगावर येते, आणि एटीव्हीच्या अपघातांतील अनेक मृत्यूंचे कारण हेच असते.

अपघातांचे प्रमाण इतके वाढले की अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पुढाकाराने सरकार न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलारिस या पाच कंपन्यांबरोबर संमतीचा हुकूमनामा झाला, म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या अटींवर न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. नव्या तीनचाकींची विक्री थांबली, प्रशिक्षणाची सोय करण्याचे बंधन आले आणि ९० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाची गाडी सोळा वर्षांखालील मुलासाठी विकायची नाही, तर बारा वर्षांखालील मुलासाठी ७० सीसीहून लहान इंजिनाचीच गाडी द्यायची, असा दंडक ठरला. हा हुकूमनामा दहा वर्षांचा होता. १९९८ मध्ये त्याची मुदत संपल्यावर कंपन्यांनी त्यातील बहुतेक अटी स्वेच्छेने पाळण्याची हमी दिली. या हमीचा पाया एका साध्या अनुभवावर उभा होता : मूल गाडी चालवायला मागणारच असेल आणि घरात लहान गाडी नसेल, तर ते मोठी गाडी चालवते.

यानंतरचा धागा खेळण्यांच्या दुनियेतून येतो. २००६ मध्ये मिनेसोटा राज्यात एका चार वर्षांच्या मुलाचा, बुटांबरोबर भेट म्हणून आलेल्या ब्रेसलेटमधील बदामाच्या आकाराचे पदक गिळल्याने, शिशाच्या विषबाधेने मृत्यू झाला. ते पदक जवळजवळ शुद्ध शिशाचे होते. २००७ मध्ये चीनमध्ये बनलेली लक्षावधी खेळणी रंगातील शिशामुळे बाजारातून परत मागवावी लागली, त्यांत लाकडी आगगाड्यांपासून मॅटेलसारख्या बड्या कंपनीच्या बाहुल्यांच्या सामानापर्यंत बरेच काही होते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा घाला घालते आणि रक्तातील त्याची कोणतीही पातळी निर्धोक म्हणता येत नाही, हे वैद्यकशास्त्राने तोपर्यंत स्पष्ट केले होते. लोकक्षोभ असा होता की प्रतिनिधिगृहात ४२४ विरुद्ध १ आणि सिनेटमध्ये ८९ विरुद्ध ३ अशा मतांनी नवा कायदा संमत झाला आणि १४ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यावर सही केली. ज्या कायद्याला विरोध करायला कुणी धजत नाही, त्याच्या शब्दांकडे पुरेसे लक्ष देणारेही कमीच असतात.

या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने ‘बालवस्तू’ म्हणजे मुख्यतः बारा वर्षे व त्याखालील मुलांसाठी बनवलेली वस्तू अशी व्याख्या केली आणि तिच्या प्रत्येक भागातील शिशावर वजनाने मर्यादा घातली : १० फेब्रुवारी २००९ पासून दहा लाख भागांत ६०० भाग, १४ ऑगस्ट २००९ पासून ३०० भाग आणि तंत्रदृष्ट्या शक्य असल्यास १४ ऑगस्ट २०११ पासून १०० भाग. रंगासाठीची मर्यादा वेगळी होती. ती ६०० वरून ९० भागांवर आली, आणि हाच ९० चा आकडा पुढे भारताने २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांसाठी स्वीकारला. व्याख्येत तान्ह्या मुलाचा खुळखुळा आणि दहा वर्षांच्या मुलाची इंजिनावर चालणारी गाडी यांच्यात काही फरक नव्हता.

गाडीत शिसे कुठून आले, हे समजण्यासाठी लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडे पाहावे लागते. पोलादात किंवा पितळेत थोडे शिसे मिसळले की कापताना धातूचे लांब वेटोळे न निघता बारीक तुकडे पडतात, हत्यार कमी झिजते आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो; ‘फ्री कटिंग’ म्हणून ओळखले जाणारे हे मिश्रधातू जगभरच्या यंत्रशाळांत सर्रास वापरले जातात. अशा पोलादात ०.३५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दहा लाखांत ३,५०० भाग, आणि पितळेसारख्या तांब्याच्या मिश्रधातूंत ४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४०,००० भाग शिसे असू शकते. ॲल्युमिनियममध्ये ते बहुधा भंगार वितळवून पुन्हा वापरल्यामुळे येते. टायरमध्ये हवा भरण्याच्या व्हॉल्व्हची पितळी दांडी, ब्रेक व क्लचच्या मुठी, इंधन प्रणालीतील जोड अशा अनेक भागांत ते आढळे, आणि बॅटरीची टोके तर शिशाचीच असतात. मुलाच्या हाताला न लागणाऱ्या आतल्या भागांना कायद्याने सूट दिली होती, त्यामुळे इंजिनाच्या पोटातील धातूंचा प्रश्न नव्हता. अडचण होती ती बाहेरून दिसणाऱ्या आणि हाताळल्या जाणाऱ्या भागांची.

शिवाय मर्यादा केवळ नव्या उत्पादनाला नव्हे, तर दुकानात आधीच उभ्या असलेल्या मालालाही लागू होती, असा अर्थ आयोगाच्या विधी विभागाने लावला होता. परिणामी १० फेब्रुवारी २००९ च्या सकाळी देशभरच्या विक्रेत्यांकडील बालमापाच्या गाड्या कायद्याच्या भाषेत ‘प्रतिबंधित घातक पदार्थ’ ठरल्या. बऱ्याच दुकानदारांनी त्या झाकून मागच्या खोलीत नेल्या. सुटे भागही त्याच कचाट्यात सापडल्यामुळे आधी विकलेल्या गाड्यांची दुरुस्तीही अवघड झाली. वास्तविक याच कायद्याच्या कलम २३२ ने एटीव्हीचे तोवर स्वेच्छेने पाळले जाणारे मानक देशभर सक्तीचे केले होते आणि ते १३ एप्रिल २००९ पासून अमलात येणार होते. या मानकाने इंजिनाच्या सीसीऐवजी वयानुसार व वेगानुसार वर्ग पाडले : सहा वर्षांवरील मुलाच्या गाडीला ताशी १५ मैलांपेक्षा अधिक वेग नको आणि पालकाला तो १० मैलांवर आणता यावा, दहा वर्षांवरील मुलाच्या गाडीला कमाल ३० मैल आणि पालकाच्या हाती १५ मैलांचा लगाम. म्हणजे फेब्रुवारीत ज्या गाड्या विकण्यास मनाई झाली, त्या कशा असाव्यात याचे सक्तीचे नियम दोन महिन्यांनी लागू झाले.

उद्योगाने सवलतीसाठी अर्ज केला, आणि या प्रकरणातील खरा पेच इथे आहे. कायद्यात सवलतीचे कलम होते. पण त्याची अट अशी होती की, सामान्य वापरात तसेच संभाव्य गैरवापरातही त्या वस्तूतील शिशाचा ‘कोणताही अंश’ मानवी शरीरात शोषला जाणार नाही, हे उत्तम उपलब्ध शास्त्रीय पुराव्याने दाखवावे. धातूच्या मुठीला हात लावून तो हात तोंडात घालणाऱ्या मुलाच्या शरीरात काहीच जात नाही, असे कोणताही प्रामाणिक शास्त्रज्ञ म्हणू शकत नाही. अर्जदारांचे म्हणणे होते की, ते प्रमाण पेलाभर पाण्यातून जाणाऱ्या शिशाहूनही कमी आहे. पण कमी असणे आणि शून्य असणे यांत अंतर आहे, आणि कायद्याने शून्यच मागितले होते. याच कसोटीवर खेळण्यातल्या गाडीच्या चाकातील पितळी बुशिंगसाठीचा अर्जही त्याच वर्षी नामंजूर झाला. कलमात सवलतीचे दार होते खरे, पण ते उघडू शकेल अशी वस्तूच सहसा सापडत नव्हती.

त्या वेळी आयोगावर दोनच सदस्य होते : हंगामी अध्यक्षा नॅन्सी नॉर्ड आणि थॉमस मूर. एप्रिल २००९ मध्ये दोघांनीही सवलतीचा अर्ज फेटाळला, आणि त्याच वेळी या गाड्यांपुरती अंमलबजावणी स्थगित ठेवण्यास मान्यता दिली. कारण आयोगाच्या तज्ज्ञांपुढे दुसरी आकडेवारीही होती : २००७ या एका वर्षात एटीव्हीच्या अपघातांत जखमी होऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्यांची संख्या सुमारे दीड लाख होती, त्यांत सोळा वर्षांखालील मुले चाळीस हजारांच्या घरात होती, आणि लहान गाडी न मिळालेले मूल मोठ्या गाडीवर बसण्याचा धोका मुठीवरील शिशाच्या धोक्याहून कितीतरी मोठा होता. ज्या तराजूत आयोगाला हे दोन धोके तोलायचे होते तो तराजू कायद्याने त्याच्या हाती दिलाच नव्हता. म्हणून त्याने कायदा न मोडता तो बाजूला ठेवण्याची वाट धरली. ही स्थगिती १ मे २०११ पर्यंत होती आणि नंतर ती त्या वर्षाच्या अखेरपर्यंत वाढवली गेली.

स्थगितीने माल विकण्यास वाव मिळाला, तरी निर्धास्तपणा आला नाही. हा कायदा राज्यांच्या महाधिवक्त्यांनाही अंमलबजावणीचा अधिकार देत होता, आणि केंद्रीय आयोगाची स्थगिती त्यांच्यावर बंधनकारक होती असे ठामपणे म्हणता येत नव्हते. शिवाय दंडाची कमाल रक्कम प्रत्येक उल्लंघनाला १ लाख डॉलर आणि उल्लंघनांच्या मालिकेला दीड कोटी डॉलर इतकी वाढलेली होती. काही उत्पादकांनी म्हणूनच बालमापाच्या गाड्या पाठवणे थांबवले. आयोगाचा निर्णय येण्यापूर्वीच, १९ मार्च २००९ रोजी, कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे माल्कम स्मिथ यांनी आपल्या दुकानात बंदी असलेल्या गाड्या उघडपणे विकून निषेध नोंदवला. १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या मोटरसायकल शर्यतींवरील माहितीपटामुळे ते अमेरिकेत घरोघरी माहीत होते, त्यामुळे या सविनय कायदेभंगाची दखल वृत्तपत्रांना घ्यावीच लागली.

उद्योगाच्या प्रचाराचा सूर मात्र तितका निर्मळ नव्हता. मुले मोटरसायकल चाटत नाहीत, ही टिंगल लोकप्रिय झाली. पण शिसे मुलांच्या पोटात जाते ते प्रामुख्याने हातांवाटे, हे ती टिंगल करणाऱ्यांनाही ठाऊक असावे. तसेच बालमापाची गाडी ‘सुरक्षित’ असते हे विधान केवळ मोठ्या गाडीच्या तुलनेत खरे आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी सोळा वर्षांखालील मुलाने कोणतीच एटीव्ही चालवू नये, असे सातत्याने सांगत आली आहे. त्यामुळे या वादाकडे एका बाजूला अडाणी नोकरशाही आणि दुसऱ्या बाजूला शहाणा व्यापारी अशा चष्म्यातून पाहणे चुकीचे ठरेल. शिशाविषयी कायदा करणारे विषाबद्दल बरोबरच बोलत होते, फक्त गाडीने मुलाला होणारी इजा कोणत्या वाटेने येते हे त्यांनी विचारात घेतले नव्हते.

संसदेत दुरुस्तीचे प्रयत्न तीन वर्षे चालले. माँटाना राज्याचे प्रतिनिधी डेनी रेहबर्ग यांनी केवळ या गाड्यांसाठी विधेयक आणले होते. अखेरीस व्यापक दुरुस्ती विधेयक प्रतिनिधिगृहात ४२१ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले, सिनेटने ते एकमताने स्वीकारले आणि शिशाची १०० भागांची सर्वांत कडक मर्यादा लागू होण्याच्या दोनच दिवस आधी, १२ ऑगस्ट २०११ रोजी, राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यावर सही केली. सार्वजनिक रस्त्याबाहेर चालवण्यासाठी बनवलेल्या दोन, तीन किंवा चार चाकांच्या मोटरवर चालणाऱ्या गाड्या आणि बर्फावरच्या स्नोमोबाइल शिशाच्या मर्यादेतून पूर्णपणे वगळल्या गेल्या. जुन्या वापरलेल्या वस्तूंना आणि सामान्य छापील पुस्तकांनाही सूट मिळाली, कारण तोवर ग्रंथालयांतील जुनी बालपुस्तके काढून टाकावी लागतील की काय, अशी धास्ती पसरली होती.

या दुरुस्तीतील अधिक महत्त्वाचा बदल गाड्यांच्या नावाने ओळखला जात नाही. ‘कोणताही अंश’ या अटीच्या जोडीला आता दुसरी कसोटी आली : त्या भागात शिसे असणे यंत्राच्या कार्यासाठी आवश्यक असेल, ते टाळणे व्यवहार्य नसेल, तो भाग मूल तोंडात घालण्याची शक्यता नसेल आणि त्यामुळे मुलाच्या रक्तातील शिशात मोजता येईल अशी वाढ होणार नसेल, तर आयोग सवलत देऊ शकतो. ही कसोटी २००८ मध्ये असती तर गाड्यांना सरसकट वगळण्याऐवजी एकेका भागाचा विचार करता आला असता, व्हॉल्व्हच्या दांडीला सूट देऊन सतत हाताळल्या जाणाऱ्या मुठींसाठी कमी शिशाचा धातू मागता आला असता. सरसकट सूट मिळाल्यावर उत्पादकांना तसा धातू शोधण्याचे कायदेशीर कारणच उरले नाही.

कलम २३२ चे मानक मात्र आजही लागू आहे, आणि आता आयोगापुढची अडचण शिशाची नसून वेगाची आहे : अलीकडच्या वर्षांत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या परदेशी बनावटीच्या अनेक बाल-एटीव्हींबाबत आयोगाने ग्राहकांना जाहीर इशारे दिले आहेत, कारण त्या त्यांच्या वयोगटासाठी ठरवून दिलेल्या वेगमर्यादेपेक्षा जोरात धावतात.