दीर्घ बैठकीतील पोकर
१८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने महाराष्ट्रात जुगाराच्या अड्ड्यांना मनाई असल्यामुळे तेथील जो हौशी खेळाडू पणजीस मांडवी नदीतील कॅसिनोत पोकरला बसतो, त्याने हे ध्यानी घ्यावे की, प्रत्यक्ष मेजावर तासास सुमारे २५ ते ३० डाव होतात आणि सुरुवातीच्या दोन पानांत एक्क्यांची जोडी सरासरीने २२१ डावांतून एकदा, म्हणजे आठ तासांत जेमतेम एकदाच, हाती येते. ही प्रतीक्षा असह्य होऊन मध्यरात्रीनंतर दुय्यम पाने खेळण्याचा जो मोह होतो, तोच माझ्या मते नुकसानीचे मूळ होय. म्हणून थकवा जाणवताच डाव कमी घ्यावेत, शेवटी बोलण्याची पाळी असेल तेव्हाच थोडी हलकी पाने खेळावीत, आणि प्रत्येक बोली स्वीकारणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे हूल वर्ज्य मानून केवळ बळकट पानांवर मोठी रक्कम लावावी.